न पाहिलेल्या जाहिरातीचं बिल

मी ज्या जाहिराती लिहिल्या त्यांतली एकही तुम्ही पाहिलेली नाही. पाहण्याची सोयच नव्हती. शेड्यूल एच, एच-१ आणि एक्स या याद्यांमधली औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात, आणि केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय त्यांची जाहिरातही करता येत नाही. अमेरिका आणि न्यूझीलंड सोडले तर जगात जवळपास कुठेच अशा जाहिरातींना मोकळीक नाही. अमेरिकेत १९९७ साली तिथल्या औषध प्रशासनानं टीव्हीवरच्या जाहिरातींचे नियम सैल केले, तेव्हापासून तिथली माणसं बातम्यांच्या मधेमधे सांधेदुखीच्या आणि नैराश्याच्या औषधांची नावं ऐकत जेवतात. आपल्याकडे तसं नाही, याचं मला पुष्कळ वर्षं बरं वाटत असे. आपण त्यांच्यापेक्षा सभ्य आहोत असंही वाटे.

मग मी लिहीत काय होते? माझा वाचक एकच होता, डॉक्टर. दोन पेशंटच्या मधल्या मिनिटभरात एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, केबिनमध्ये शिरायचा, बॅगेतून व्हिज्युअल एड काढायचा आणि पानं उलटत पाठ केलेलं बोलून दाखवायचा. त्या पानांवरचे शब्द माझे. डॉक्टरच्या टेबलावर ठेवून यायचं पत्रक, पेनस्टँडवरची ओळ, सॅम्पलच्या पाकिटावरचं घोषवाक्य, परिषदेतल्या स्टॉलवरचा फलक, हेही माझं. अंधेरीतल्या एका लहानशा एजन्सीत आम्ही फक्त औषध कंपन्यांची कामं करत होतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला मी तिथे लागले आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं.

आता नवी मुंबईजवळ उलव्यात राहते. वेळ आहे, आई सोबत आहे, आणि दर महिन्याला औषधांची यादी घेऊन खाली मेडिकलमध्ये जावं लागतं. जाब विचारायला कुणी येणार नाही, कारण ज्यांनी माझ्या शब्दांचे पैसे भरले त्यांना मी ठाऊकच नाही. म्हणून हा जाब मीच मला विचारते आहे.

पहिला प्रश्न सोपा वाटतो. मी खोटं लिहिलं का? नाही. आमच्याकडे खोटं लिहायला बंदी होती. प्रत्येक दाव्याखाली संदर्भ लागायचा, कंपनीच्या वैद्यकीय विभागाची सही लागायची. पण खरं कसं लिहायचं याचं कौशल्य असतं, आणि पगार त्या कौशल्याचा मिळतो. समजा, औषधाशिवाय शंभर माणसांत दोघांना झटका येतो आणि औषध दिल्यावर एकाला. हे दोन तऱ्हांनी सांगता येतं. ‘शंभर जणांनी औषध घेतलं तर एकाचा झटका टळतो’, किंवा ‘झटक्याचा धोका ५० टक्क्यांनी कमी’. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पहिलं वाक्य मी नोकरीत एकदाही लिहिलं नाही. आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून न काढता मधूनच सुरू केला की एवढासा फरक डोंगराएवढा दिसतो. तेही आम्ही करायचो. डोळ्यांवर ताण दिल्याशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरात तळाशी खुलासा असायचाच. म्हणजे कायद्याची भूक भागलेली असायची.

आमचे दोन लाडके शब्द होते, ‘नवं’ आणि ‘सुरक्षित’. औषध विभागानं १२ मार्च २०२४ ला औषध विपणनाची एकसमान आचारसंहिता जाहीर केली, ती मी निवृत्तीनंतर सावकाश वाचली. औषध बाजारात येऊन बारा महिने उलटले की त्याला ‘नवं’ म्हणायचं नाही, असं तिच्यात लिहिलं आहे. पुरेसा खुलासा न करता ‘सुरक्षित’ म्हणायचं नाही, आणि एखाद्या औषधाचे दुष्परिणामच नाहीत असं ठामपणे सांगायचं नाही, असंही आहे. यातलं बरंचसं २०१५ च्या ऐच्छिक संहितेतही होतं. ती संहिता आमच्या कचेरीत असणारच. आमच्यापैकी कुणी ती उघडून एखादा शब्द खोडल्याचं मला आठवत नाही. ऐच्छिक होती ना!

दुसरा प्रश्न पैशांचा, आणि तो मी सर्वांत जास्त काळ टाळला. माझा पगार कुणी दिला? एजन्सीनं. एजन्सीला कंपनीनं. आणि कंपनीला? साबणाच्या जाहिरातीचा खर्चही शेवटी गिऱ्हाईकच भरतं, हे खरं. पण साबण महाग वाटला तर गिऱ्हाईक दुसरा उचलतं. औषधाच्या बाबतीत निवड डॉक्टर करतो, पैसे रोगी भरतो, आणि दोघांच्या मध्ये मी उभी असते, रोग्याला न दिसता. गुजरातेतला किंवा गडचिरोलीतला कुणी माणूस रक्तदाबाची पट्टी घेतो तेव्हा त्या किमतीत गोळीतल्या औषधाचा वाटा असतो, कारखान्याचा असतो, स्टॉकिस्ट आणि दुकानदार यांचा असतो, एमआरच्या दौऱ्याचा असतो, आणि माझ्या ‘धोका ५० टक्क्यांनी कमी’ या ओळीचाही असतो. आपण एका जाहिरातीचं बिल भरतोय हे त्याला कळायला मार्ग नाही.

कुणी म्हणेल, किमतींवर सरकारचं नियंत्रण आहे की. आहे. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण १९९७ पासून आहे. पण कमाल किंमत ठरवायची पद्धत २०१३ च्या आदेशानं बदलली. १९९५ च्या आदेशात ती उत्पादनखर्चावरून काढत. आता अत्यावश्यक यादीतल्या औषधाचे, बाजारात एक टक्का किंवा त्याहून जास्त वाटा असलेले जेवढे ब्रँड असतील त्यांच्या किमतींची सरासरी काढतात आणि तिच्यात दुकानदाराचे १६ टक्के मिळवतात. म्हणजे ज्या महाग ब्रँडला मी शब्दांनी मोठं केलं, त्याची किंमतही सरासरीत जाऊन बसली आणि नियंत्रित भाव तिनं वर ओढला. गोळी बनवायला किती पैसे पडतात हा प्रश्नच या हिशेबात येत नाही. शिवाय २०२२ च्या यादीत औषधं आहेत ३८४. यादीबाहेरच्या औषधांची किंमत कंपनीनं ठरवायची आणि वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवायची, एवढीच अट.

यादीबाहेर राहण्याची एक वाट सगळ्या कंपन्यांना ठाऊक असते, आणि त्या वाटेवर पाट्या लावायचं काम आमच्याकडे यायचं. नियंत्रणातल्या औषधात आणखी एक घटक घालायचा की ते वेगळं मिश्रण होतं. मग आम्ही ‘दुहेरी ताकद’, ‘एकाच गोळीत सगळं’ असं काहीतरी लिहायचं. काही मिश्रणं खरोखर उपयोगी असतात. रोज चार गोळ्यांऐवजी एक घ्यावी लागली तर म्हातारी माणसं ती चुकवत नाहीत. पण पुष्कळ मिश्रणांना वैद्यकीय आधार नव्हता. २०१६ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या, पुन्हा तपासणी झाली, आणि २०१८ मध्ये ३२८ मिश्रणं बंद झाली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आणखी १५६. त्या याद्या आल्या तेव्हा आम्ही कचेरीत बोटं फिरवत पाहत होतो, आपलं कुठलं गेलं. कुणाच्या पोटात काय गेलं, हा प्रश्न त्या दिवशी कुणी काढला नाही. मीही काढला नाही.

भेटवस्तूंबद्दल मी स्वतःला माफ करत आले, कारण त्या माझ्या खात्यात नव्हत्या. मी शब्दांची बाई, फ्रिज आणि विमानतिकिटं दुसरे बघायचे. डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटी आणि प्रवास घेऊ नयेत असा नियम वैद्यक परिषदेनं २००९ मध्येच केला होता. २२ फेब्रुवारी २०२२ ला अपेक्स लॅबोरेटरीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की अशा भेटींचा खर्च कंपनीला करपात्र उत्पन्नातून वजा करून घेता येणार नाही. हा खर्च शेवटी औषधाच्या किमतीत मिसळतो आणि रोग्याच्या माथी बसतो, असंही न्यायालयानं बजावलं. तरी २०२४ च्या डिसेंबरात औषध विभागाला एका कंपनीला ताकीद द्यावी लागली, कारण तिनं ३० डॉक्टरांना पॅरिस आणि मोनॅकोला नेलं होतं. ही बातमी वाचून मी नेहमीप्रमाणे ‘काय हे!’ म्हणाले आणि मग थांबले. भेट कशासाठी देतात? माझं पान डॉक्टरनं ऐकून घ्यावं आणि लक्षात ठेवावं म्हणून. फ्रिज आणि वाक्य एकाच बॅगेतून जात होते. त्यातलं एक मळकट आणि दुसरं स्वच्छ, ही वाटणी माझ्या सोयीची होती.

आता उलव्याबद्दल, कारण या सगळ्याचा हिशेब मला इथे मांडावा लागला. २०१८ च्या नोव्हेंबरात खारकोपरपर्यंत लोकल आली, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला, २०२५ च्या नाताळात नव्या विमानतळावरून विमानं उडाली. उलव्याची टेकडी फोडून, नदी वळवून आणि दहा गावं उठवून तो विमानतळ झाला. सिडकोनं वसवलेला हा नोड नवी मुंबई महापालिकेत येत नाही आणि पनवेल महापालिकेतही येत नाही. महापालिकाच नाही, त्यामुळे महापालिकेचं रुग्णालयही नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र आहे ते गव्हाणला. बाकी सगळं खाजगी. कुठल्याही सेक्टरमध्ये जा, तळमजल्यावर मेडिकल आहे, शेजारी दवाखाना, वर पॅथॉलॉजी. साखळी दुकानांच्या काचेवर ‘२० टक्के सूट’ असं लिहिलेलं असतं. ज्या एमआरपीवर ही सूट मिळते ती एमआरपी कशी ठरते हे मला माहीत आहे, त्यामुळे त्या पाटीनं मला आनंद होत नाही. इथल्या माणसांनी फ्लॅटचे हप्ते डोक्यावर घेतले आहेत. रक्तदाब आणि साखर हे त्या हप्त्यांच्या जोडीनं आलेले पाहुणे. आणि औषधाचा खर्च बहुतेक विम्यात बसत नाही, कारण माणूस दाखल होत नाही, रोज गोळी घेतो. देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भाग लोकांच्या खिशातून जातो, असं २०२१-२२ चे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. त्याच्या दशकभर आधी हे प्रमाण साठीच्या पुढे होतं, म्हणजे सुधारणा आहे. पण ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याला ही सुधारणा टक्क्यांत दिसत नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी गव्हाणच्या बाजूच्या. त्यांना रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची महिन्याची रक्कम ऐकून त्या म्हणाल्या, “ताई, एक दिवसाआड घेतल्या तर चालतील का?” मी ठामपणे नाही म्हणाले, आणि त्यांना सविस्तर समजावलं. ब्रँडच्या नावाकडे पाहू नका, आतलं औषध बघा. डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून आणा. तेच औषध निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. तिथला माल प्रयोगशाळेत तपासून येतो. मावशींनी विचारलं, “स्वस्त गोळी लागू पडेल ना?” मी म्हटलं, “अगदी तीच असते.” मी चांगलं बोलले. बोलणं हाच माझा धंदा होता.

आई आतून ऐकत होती. संध्याकाळी तिनं विचारलं, “मग माझ्या गोळ्या का नाही गं आणत तिथून?”

माझ्याकडे उत्तर तयार होतं. तुला सवय झाली आहे, डॉक्टरांनी हेच लिहून दिलंय, आपल्याला परवडतं. तिन्ही वाक्यं खरी होती, माझ्या सगळ्या वाक्यांसारखी. आई काही बोलली नाही. ती मास्तरीण होती. कच्चं उत्तर तिला ऐकताक्षणी ओळखू येतं.

इथे पळवाट उरत नाही. दोन्ही गोळ्या सारख्या आहेत असं मला खरंच वाटत असेल, तर मी आईच्या पैशांतून दर महिन्याला विनाकारण जास्त रक्कम भरत होते आणि त्याला प्रेम म्हणत होते. तसं वाटत नसेल, तर जी गोळी मी आईला देणार नाही ती मावशींना चांगली म्हणून सांगत होते. पहिल्यात मूर्खपणा आहे, दुसऱ्यात त्याहून वाईट काहीतरी. खरं उत्तर काय, हे शोधायला मी स्वतःला बरेच दिवस दिले. ते असं निघालं की डोक्याला पहिलं पटतं आणि हात दुसऱ्याप्रमाणे वागतो. मेडिकलमध्ये उभी राहिले की हात ओळखीच्या नावाकडे जातो. ती ओळख दुसऱ्यांच्या मनात रुजवण्यासाठी मी आयुष्यभर पगार घेतला, आणि आता ती माझ्याच मनातून निघत नाही.

स्वस्त औषधाची भीती केवळ जाहिरातींनी निर्माण केली, असं म्हणून सुटता येणार नाही. मुंबईकरांच्या एका पिढीला १९८६ चं जे. जे. रुग्णालय आठवतं. ग्लिसरॉलमध्ये औद्योगिक वापराचं विषारी डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं होतं आणि १४ रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं खरेदी, तपासणी आणि राजकारण यांची साखळी उघडी पाडली. त्यानंतर इतकी वर्षं गेली, आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याची लहान मुलं खोकल्याच्या औषधानं गेली. विष तेच, डायइथिलीन ग्लायकॉल. औषध तमिळनाडूतल्या एका कारखान्यातलं, आणि ते नाव लावून विकलं जाणारं, म्हणजे ब्रँडच. दुसऱ्या टोकाला रॅनबॅक्सी. देशातली तेव्हाची अत्यंत नावाजलेली कंपनी, आणि २०१३ मध्ये तिच्या अमेरिकी उपकंपनीनं भेसळ आणि खोट्या नोंदींबद्दल गुन्हा कबूल केला. सगळ्या प्रकरणाच्या तडजोडीत ५० कोटी डॉलर मोजावे लागले. किंमत कमी म्हणजे माल वाईट नाही, आणि नाव मोठं म्हणजे चोख नाही. माल चोख आहे की नाही हे ठरवणारा माणूस म्हणजे औषध निरीक्षक, आणि त्याच्या कामाची जाहिरात करायला मला कधी कुणी पैसे दिले नाहीत.

धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असलेली आणखी एक गोष्ट लिहून ठेवते. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत दोन नावं असतात, औषध बनवणाऱ्याचं आणि विकणाऱ्याचं. बऱ्याचदा ती वेगवेगळी असतात. हिमाचलात बद्दीला किंवा सिक्कीममध्ये एकच कारखाना अनेक कंपन्यांची गोळी बनवून देतो. आमच्या भाषेत थर्ड पार्टी. तिच्यावर कुणाचं नाव छापायचं यानं किंमत बदलते. मी वर्षानुवर्षं पट्टीच्या पुढच्या बाजूचं लिहिलं, आणि मागची बाजू वाचायची असते हे आईला कधी सांगितलं नाही.

डॉक्टरांना यात झोडपणं सोपं आहे. मी ते करणार नाही, कारण त्यांचीही अडचण मी जवळून पाहिली आहे. २ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय वैद्यक आयोगानं जेनेरिक, म्हणजे औषधाच्या मूळ नावानंच चिठ्ठी लिहिण्याची सक्ती करणारे नियम काढले, आणि विरोध झाल्यावर त्याच महिन्यात ते स्थगित केले. डॉक्टरांचं म्हणणं होतं की ब्रँड आम्ही लिहिला नाही तर तो दुकानदार ठरवेल, आणि ज्यावर त्याला जास्त सुटतं तेच तो देईल. यात तथ्य आहे. डॉक्टरला पटवायला जावं लागत नाही अशा मालावर दुकानदाराला किती सुटतं हे आम्हाला चांगलं माहीत होतं. पण मग डॉक्टरच्या मनात तो ब्रँड कुणी ठेवला? फिरून प्रश्न माझ्याच दारात येतो.

कारणं मी पुष्कळ गोळा केली होती. मी नसते तर दुसऱ्या कुणीतरी लिहिलं असतं. घर चालवायचं होतं. औषध कंपन्यांनी माणसंही वाचवली आहेतच. हे शेवटचं कारण खरं आहे आणि म्हणूनच ते माझ्या उपयोगाचं नाही. मुंबईच्याच सिप्लानं २००१ मध्ये एचआयव्हीची तीन औषधं वर्षाला माणशी ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. त्या वेळी पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव दहा हजारांच्या पुढे होता. मुंबईच्या पेटंट कार्यालयातूनच ९ मार्च २०१२ ला देशातला पहिला सक्तीचा परवाना निघाला. नॅटको कंपनीला बायरचं कर्करोगाचं औषध बनवायची मुभा मिळाली, आणि महिन्याला सुमारे २ लाख ८० हजारांचं औषध ८,८०० रुपयांत आलं. धंदा करून, नफा मिळवून हे करता येतं, हे याच शहरात, मी कामाला जात होते त्याच वर्षांत घडलं. त्यामुळे ‘धंदा म्हटला की असं चालायचंच’ हे वाक्य मला आता वापरता येत नाही.

आणि हे सगळं इतिहासजमा झालेलं नाही. २०२५ च्या मार्चमध्ये वजन उतरवणारं मौंजारो भारतात आलं, जूनमध्ये वेगोवी. मौंजारोच्या सर्वांत कमी मात्रेच्या एका कुपीची किंमत सुरुवातीला ३,५०० रुपये होती, आणि अशी कुपी आठवड्याला एक लागते. औषधाचं नाव घेऊन जाहिरात करता येत नाही, तर आजाराची करता येते. ‘लठ्ठपणा हा आजार आहे, डॉक्टरांशी बोला’ या धाटणीचा मजकूर मी पाहते तेव्हा लिहिणाऱ्याचा हात ओळखते. त्यात चूक काही नाही. लठ्ठपणा आजार आहेच आणि डॉक्टरांशी बोलावंच. पण वाक्य कुणाच्या खर्चानं छापलं आणि त्यानंतर डॉक्टरच्या टेबलावर कुठलं पान उलटलं जाणार, हे वाचकाला सांगितलेलं नसतं. माझ्या जागी आता जी कुणी तरुण मुलगी बसली असेल, ती माझ्याइतकीच सज्जन असणार.

आईच्या डॉक्टरांकडे मी यादी घेऊन गेले. त्यांनी शांतपणे प्रत्येक ओळ पाहिली. रक्तदाबाची आणि साखरेची गोळी जनऔषधीतून घ्या म्हणाले, महिन्यानं रक्तदाब आणि साखर मोजून दाखवा. थायरॉइडच्या गोळीला मात्र हात लावू नका, तिथे मात्रेतला लहानसा फरकही जाणवतो, कंपनी बदलायची तर पुन्हा तपासणी करून. एवढं साधं बोलणं व्हायला आजवर काय आड येत होतं? मी विचारलं नव्हतं, इतकंच. विचारण्याची गरज रोग्याला वाटू नये, हेच तर चांगल्या ब्रँडचं यश असं आम्ही मानत होतो.

पगाराचे पैसे परत करता येत नाहीत, कुणाला करणार? करता येईल ते एवढंच की आतलं माहीत आहे ते सांगावं. तेव्हा वाचकहो, डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव चिठ्ठीवर लिहायला सांगा आणि याहून स्वस्त चालेल का, असं न लाजता विचारा. आपल्या मनानं गोळी बदलू नका, बंद करू नका, एक दिवसाआड घेऊ नका. पट्टीची मागची बाजू वाचा. सूट किती मिळाली यापेक्षा मोजले किती ते पाहा. कुणी ‘धोका अर्ध्यावर’ म्हणालं तर विचारा, शंभरातल्या किती जणांचा? आणि जे आज माझ्या खुर्चीवर बसले आहेत त्यांना माझी एक विनंती आहे: झटक्याबद्दलच्या त्या दोन वाक्यांपैकी पहिलं वाक्य एकदा तरी लिहून क्लायंटकडे पाठवा. ते परत येईल. पण ते का परत आलं, हे तुम्हाला कळलेलं असेल आणि त्यानंतर माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

माझ्यापुरता निकाल मी लावला आहे. जी गोळी मला आईला द्यायची नाही, ती मावशींना चांगली म्हणून सांगण्याचा मला अधिकार नाही.